पाणी आणि पळस : खानदेशात मित्रांसोबत पक्षी बघायचा एक दिवस

खानदेशात पक्षी बघायला जायचं तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते साधारण १५ मार्च, एवढेच दिवस मी धरतो. डिसेंबरात बदकं जास्त असतात हे खरं, पण तेव्हा धरण तुडुंब असतं आणि बदकं पाण्याच्या मधोमध, मोहरीएवढी दिसतात. फाल्गुन लागता लागता पाणी ओसरतं, काठचा गाळ उघडा पडतो आणि पाणपक्षी त्या गाळावर चरायला येतात. थंडीला आलेले पाहुणे अजून परतलेले नसतात. त्याच दिवसांत पळस आणि काटेसावर फुललेली असते. सागाची पानं गळालेली असल्यामुळे फांदीवर बसलेलं पाखरू लपत नाही. मार्च संपेपर्यंत पारा चाळिशीला टेकतो, मग सकाळी नऊनंतर पक्षीही सावलीत आणि माणसंही.

म्हणजे या दिवसांत पक्षी शोधत रानोमाळ फिरायचं कारणच नाही. ते पाण्यावर येतात, नाहीतर फुलावर. आपण त्यांच्या आधी तिथे जाऊन बसायचं. खाली जे सांगतोय ती सगळी या बसण्याचीच तयारी आहे.

माणसं आधी, जागा नंतर

चार जण उत्तम, सहा म्हणजे अगदी शेवट. एका गाडीत मावतील तेवढेच. आम्ही एकदा ११ जण दोन गाड्या घेऊन निघालो होतो. त्यात तिघांना पक्ष्यांपेक्षा भरीत पार्टीत रस होता आणि एकाने येताना स्पीकर आणला होता. वर दिवस निवडला महाशिवरात्रीच्या आसपासचा, जेव्हा चांगदेव-मुक्ताईची यात्रा असते आणि नदीकाठ माणसांनी फुलून जातो. आमच्या वाट्याला दोन बगळे आणि एक टिटवी आली. तेव्हापासून कॅलेंडर आधी बघतो. महाशिवरात्रीचा आठवडा सोडायचा, आणि सातपुड्यात जायचं असेल तर होळीच्या आधीचे भोंगऱ्याचे बाजारही, म्हणजे आदिवासींचे जत्रेसारखे भरणारे बाजार, लक्षात ठेवायचे. भोंगऱ्या बघायला जरूर जा, फक्त त्याच दिवशी दुर्बीण घेऊन जाऊ नका.

निघण्याआधी कामं वाटून घ्या. एक जण लिहिणारा, एक जण वेळ आणि पाणी बघणारा, गाडी चालवणारा वेगळा. कॅमेरेवाला सगळ्यात मागे. ही शेवटची अट आमच्याकडे भांडणं होऊन ठरली आहे. कॅमेरा हातात असलेला माणूस ‘अजून दोन पावलं’ म्हणत पुढे सरकतो आणि सगळा थवा उडवून परत येतो, तेही हललेला फोटो घेऊन.

कुठे जायचं

पहिल्यांदा जात असाल तर हतनूर. भुसावळजवळ तापीवरचं हे ४१ दरवाजांचं धरण, आणि त्याच्या मागे चांगदेव-मेहूणच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत पसरलेलं पाणी. महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचं नाव आहे. पण भिंतीजवळ थांबू नका. तिथे पाणी खोल असतं, पक्षी कमी आणि सुरक्षारक्षकाचे प्रश्न जास्त. मागच्या उथळ पाण्याकडे जा. जळगावहून दीड तास हाताशी ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटी सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो, म्हणून पाच वाजता गाडी सुरू झाली पाहिजे. ‘पाचला निघू’ म्हणणारा मित्र पावणेसहाला येतो हे धरून त्याला सव्वाचार सांगा.

काठ निवडताना एकच गोष्ट बघायची, सकाळी सूर्य आपल्या पाठीमागे हवा. म्हणजे पाणी आपल्या पश्चिमेला. उलट्या बाजूला बसलात तर दोन तास नुसत्या काळ्या सावल्या बघत बसाल आणि चक्रवाकही कावळ्यासारखा दिसेल. आदल्या दिवशी मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून काठाची दिशा बघून ठेवली की हे काम घरबसल्या होतं.

बाकीच्या जागा थोडक्यात. जळगावात राहत असाल तर आदल्या रविवारी मेहरुण तलावावर तासभर जाऊन हात बसवून घ्या. धुळेकरांना लळिंगचं कुरण जवळ आहे, लांडोर बंगल्याच्या बाजूचं. पाणपक्ष्यांऐवजी तिथे तित्तिर, चंडोल, खाटीक अशी माळाची मंडळी भेटते. चाळीसगावकडून पाटणादेवी, शिरपूरकडून अनेर. यावल अभयारण्य १९६९ पासूनचं आहे, पालच्या बाजूने जाता येतं. अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, शुल्क भरा. आडवाटेने आत गेलात तर तो गुन्हा आहे. तोरणमाळ एका दिवसात उरकायची जागा नाही, तिथे मुक्कामाने जा.

दुर्बीण आणि बाकीचं सामान

चार जणांत दोन दुर्बिणी पुरतात. घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. यातला ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार जास्त पटीची गळ्यात मारायला बघतो, पण पट वाढली की हाताचा थरकापही तेवढ्याच पटीने वाढतो आणि दृश्याचा घेर आवळतो. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच येतात. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात उतरतो, म्हणूनच पहाटेच्या अंधुकात ही दुर्बीण छोट्या खिशातल्या दुर्बिणीपेक्षा उजवी ठरते.

ती डोळ्याला जुळवायची कशी हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आधी दोन्ही नळ्या वाकवून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. उजवं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्वच्छ वाचता येईल असं करा. आता डावं झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. त्या कडीची खूण लक्षात ठेवा, त्यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी आत दाबून घ्या. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यासमोर आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधाल तोवर पक्षी गेलेला असतो. आणि सूर्याकडे ती चुकूनही वळवू नका.

कपडे मातकट, वाळल्या गवतासारखे. पांढरा शर्ट नको. अत्तर, सेंट काही लावू नका, काठच्या मोठ्या झाडांवर आणि किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. पायात बूट, चप्पल नाही. माणशी तीन लीटर पाणी, टोपी, आणि बसायला रिकामं पोतं. पोत्याला हसू नका. गाळाच्या काठावर तीन तास बसायचं तर घडीच्या खुर्चीपेक्षा पोतं बरं, खुर्चीचे पाय रुततात.

रुतण्यावरून आठवलं. वाळलेल्या गाळावर पापडी धरलेली असते, वरून रस्त्यासारखी कडक दिसते. आमच्या मित्राने तिच्यावर गाडी घातली आणि पुढची दोन्ही चाकं अर्धी आत गेली. गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी करणाऱ्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, टरबूज मात्र खायला लावलं. तेव्हापासून गुरांच्या खुरांचे ठसे बघतो. ठसा चार बोटांहून खोल असेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवायची आणि पुढे चालत जायचं. अंधारात केळीच्या बागांमधून आडवं जायचं नाही, या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे.

पाण्यावरचे पहिले दोन तास

काठावर पोचलात की लगेच दुर्बीण काढू नका. पोतं टाका, बसा, दहा मिनिटं गप्प राहा. तुमच्या येण्याने उठलेले पक्षी तेवढ्या वेळात परत टेकतात.

मग काठापासून आत असं बघत जायचं. सगळ्यात जवळ, ओल्या गाळावर, शेपटी खालीवर करणारे धोबी आणि कंबर हलवत तुरुतुरु चालणारी तुतारी. थोडं पुढे, घोट्याएवढ्या पाण्यात, लांब गुलाबी पायांचे शेकाटे. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक, चोच उघडी पाण्यात बुडवून उभा. मासा चोचीला लागला की ती झटकन मिटते. त्यापलीकडे बदकं. थापट्याची चोच पुढे उलथन्यासारखी पसरट असते आणि तो मान पाण्याला लावून गोल गोल फिरत गाळणी चालवतो. तलवार बदकाची शेपूट टोकदार, मान उंच. हळदी-कुंकू आपलं इथलंच, चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका, नाव ठेवणाऱ्याला सलाम. चक्रवाक भगवा-केशरी, बहुतेक वेळा जोडीने, काठावर. रात्री जोडीची ताटातूट होते असं आपल्या जुन्या काव्यात आलं आहे. प्रत्यक्षात ते लडाख-तिबेटकडे जाऊन संसार मांडतात आणि थंडीला आपल्याकडे येतात. सगळ्यात मागे, खोल पाण्यावर, चांदव्यांची काळी रांग आणि वरून नदी सुरय.

मध्येच सगळा थवा एकदम उठला तर खाली बघू नका, वर बघा. शिकारी पक्षी आलेला असतो. घारीच्या शेपटीला खाच असते, तिला लगेच बाजूला काढा. दलदली भोवत्या पंख वर उचलून इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरतो आणि गवताला घासत गेल्यासारखा खालून उडतो.

एक सावधगिरी इथेच सांगतो. मार्च लागला की टिटव्या, नदी सुरय, छोटे चिखल्ये यांची अंडी उघड्या वाळूवर, खड्यांमध्ये असतात. खड्यांच्याच रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावरून ओरडत झेप घ्यायला लागली की तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात. आलात त्याच पावलांनी मागे फिरा. अंडी शोधून फोटो काढायचा मोह टाळा, कावळा तुमच्याकडे बघत असतो.

ओळखायचं कसं

नाव नंतर, आधी माप. चिमणी, साळुंकी, कावळा, घार या चार मापांत दिसलेला पक्षी बसवा, ‘साळुंकीहून मोठा, कावळ्याहून लहान’ असं. मग चोच, पाय, शेपूट. मग तो काय करत होता. रंग सगळ्यात शेवटी, कारण उजेड फसवतो. साधं उदाहरण घ्या, तीन पांढरे पक्षी उभे आहेत. पिवळी चोच, ठेंगणा, गुरांच्या पायात घुटमळणारा तो गायबगळा. काळी चोच, काळे पाय आणि चालताना दिसणारी पिवळी बोटं, तो छोटा बगळा. त्यांच्याहून बराच उंच, मान मध्येच मोडल्यासारखी, तो मोठा बगळा. एवढं जमलं की पहिला दिवस वसूल.

मोबाईलवर मर्लिन नावाचं ॲप फुकट मिळतं. फोटो किंवा आवाज दिला की नाव सुचवतं. ते चुकतंही. मी आधी मित्रांना वाद घालू देतो, मग ॲप उघडतो. भांडून लक्षात राहिलेलं नाव विसरत नाही.

नऊ वाजता पळसाखाली

उन्हाचा चटका सुरू झाला की पाणी सोडा आणि फुललेलं झाड गाठा. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी एखादा पळस असतोच. शेत कुणाचं तरी असतं हे विसरू नका. माणूस दिसला की ‘राम राम दादा, पाखरं बघायला आलोय, बांधावर बसू का?’ एवढं विचारा. ‘बसा नं भो’ असंच उत्तर येतं, कधीकधी वर चहासुद्धा. धुळे-चाळीसगावच्या बाजूला ‘काय देखी ऱ्हायनात?’ असा प्रश्न आला तर दुर्बीण त्यांच्या हातात द्या. पुढच्या अर्ध्या तासात तुम्हाला पुस्तकात नसलेली माहिती मिळेल, कुठल्या विहिरीत घुबड आहे इथपासून.

झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर, सूर्य पाठीशी ठेवून बसा आणि अर्धा तास हलू नका. गेल्या वर्षी वरणगावच्या अलीकडे एका पळसाखाली आम्ही घड्याळ लावून बसलो होतो. पहिली पाच मिनिटं नुसत्या खारी. मग शिंजीर आला, नर, उन्हात जांभळा-निळा चमकणारा. त्याने फूल वरून न धरता बाजूने धरलं, वाकडी चोच पाकळीच्या होडीत घातली, आणि मान वर केली तेव्हा कपाळाला पिवळे परागकण चिकटलेले. पुढच्या फुलाला तेच कपाळ. पळसाची लग्नं कोण जमवतं ते समोर दिसत होतं. पोपट आले, त्यांना हा धीर नाही. फूल मुळातून तोडायचं, बुडखा चावायचा, टाकून द्यायचं. खाली केशरी सडा पडतो तो बराचसा यांचाच प्रताप. कोतवाल मधाला आला होता की मधाला आलेल्या किड्यांना, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मग आभाळात एक काळा ढग वळला, आणि झाडावर दोन-अडीचशे भोरड्या एकदम उतरल्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. इतका कलकलाट की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. चार मिनिटांत झाड रिकामं.

भोरडी म्हणजेच पळसमैना. मध्य आशियाकडून येते, एप्रिलपर्यंत परतते. दादरीच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या कणसांवर तुटून पडते म्हणून शेतकरी तिला गोफण दाखवतो, आणि टोळ-नाकतोडे खाते म्हणून तिचे उपकारही असतात. दोन्ही खरं आहे, बांधावर बसून त्यावर भाषण देऊ नका.

झाड बघताना कानही उघडे ठेवा. टुक-टुक-टुक असा घणाचा एकसुरी आवाज म्हणजे तांबट. तो दिसायला अवघड, हिरव्या पानांत हिरवा. म्हणून वाळक्या शेंड्याकडे बघा, सकाळी ऊन खायला तो तिथे बसतो.

रानपिंगळ्यासाठी

मित्रांपैकी कुणीतरी ‘तो दुर्मीळ पिंगळा दाखव’ म्हणणारच. तो म्हणजे रानपिंगळा, एक छोटं घुबड. तो पाण्यावर नाही, सातपुड्यातल्या विरळ सागाच्या जंगलात आहे, त्याला वेगळा दिवस द्या. त्याची गोष्ट मात्र गाडीत सांगण्यासारखी आहे. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसला नाही. मध्ये रिचर्ड मायनर्टझागेन या ब्रिटिश संग्राहकाने १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखवला होता, गुजरातेतल्या मांडवीचा. तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना निघाला, नवी चिठ्ठी लावलेला. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी खोटी नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत शहाद्याजवळ तो शोधून काढला. ११३ वर्षांनी, भर सकाळी, उघड्या फांदीवर बसलेला.

गावातल्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय पिसांनी भरलेले, पायमोजे घातल्यासारखे. दिवसा वावरतो, शेपूट डावी-उजवीकडे झटकतो. गावाजवळच्या वडावर दिसलेला रानपिंगळा नसतो, हे मित्राला आधीच सांगून ठेवा. आणि मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. तो आवाज त्याला हद्दीत शिरलेल्या परक्याचा वाटतो. या दिवसांत झाडाच्या ढोलीत त्याची पिल्लं असू शकतात, त्यांना सोडून तो तुमच्या स्पीकरशी भांडायला येतो. स्थानिक वाटाड्या घ्या, त्याची मजुरी ठरवून द्या, आणि घरट्याची जागा कुठेही टाकू नका.

वही

लिहिणाऱ्याने जागेवरच लिहायचं, गाडीत बसून आठवून नाही. आमच्या वहीतली एक ओळ अशी आहे : ‘७.२०, मेहूणकडचा काठ, थापटे ६० च्या आसपास, चरत, वारा नाही, पाणी दगडी पायरीच्या दोन हात खाली.’ पाण्याची पातळी लिहायला विसरू नका. पुढच्या वर्षी बदकं का नाहीत याचं उत्तर बरेचदा तिथेच सापडतं. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते दहा नजरेत केवढी जागा घेतात ते बघा आणि तेवढे तुकडे मोजत जा. भोरड्यांचा आकडा असाच काढला होता.

घरी आल्यावर ही यादी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. तिथे दिसलेले सगळे पक्षी लिहायचे असतात, नुसते भारीतले नाही. कावळा आणि साळुंकी वगळलीत तर यादी अपुरी.

शिदोरी

अकराच्या आत आवरतं घ्या. जेवण घरूनच न्या. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) असतील तर उत्तम, गारही चांगले लागतात. बामणोदची वांगी अजून मिळत असतील तर भरीत आदल्या रात्रीच करून डब्यात घ्या. काठावर काड्या पेटवून वांगी भाजू नका, वाळल्या गवताचे दिवस आहेत. केळीची सालंही पिशवीत घालून परत आणायची. ‘सालं कुजतात की’ म्हणणारा एक जण प्रत्येक टोळीत असतो. पिशवी त्याच्याच हातात द्या.

जेवताना वहीच्या मागच्या पानावर ‘अनोळखी’ असा रकाना करा आणि ज्यांचं नाव लागलं नाही त्यांची चित्रं काढा, वेडीवाकडी चालतील. आमच्या त्या पानावर गेल्या वर्षीचे तीन आहेत. त्यातला एक, साळुंकीएवढा, शेपूट आखूड, चोच लांब आणि किंचित वर वळलेली, अजून चौघांत वादात आहे. येत्या रविवारी त्याच काठावर, त्याच दगडी पायरीपाशी पोतं टाकायचं ठरलंय.